‘सत्य घटनेवर आधारित’: परग्रहवासी, चकवा आणि तुमचा पहिला इंटरव्ह्यू

संशोधन पद्धतीच्या पुस्तकातलं ‘साक्ष आणि पुरावा’ हे प्रकरण बहुतेक जण परीक्षेपुरतं वाचतात. तुम्हीही तसंच करणार असाल, तर त्याआधी एक सिनेमा बघा. ‘द फोर्थ काइंड’, २००९ सालचा. परग्रहवासी माणसांना रात्री झोपेतून उचलून नेतात, असा भयपट आहे. सिनेमा म्हणून बेताचाच, पण फसव्या पुराव्याचा इतका चांगला नमुना दुसरा सापडणं कठीण.

सुरुवातीलाच नायिका मिला जोवोविच कॅमेऱ्याकडे चालत येते आणि सांगते की मी अभिनेत्री आहे, डॉ. अ‍ॅबिगेल टायलर या मानसोपचारतज्ज्ञाची भूमिका करतेय, आणि तुम्ही जे बघणार आहात त्याला खऱ्या चित्रफितींचा आधार आहे. पुढे पडदा दोन भागांत विभागला जातो. एकीकडे अभिनय, दुसरीकडे धुरकट, थरथरणारी ‘मूळ’ चित्रफीत. बघणारा नकळत दुसऱ्या भागावर विश्वास ठेवतो. गंमत अशी, की तो ‘मूळ’ भागही नट घेऊनच चित्रित केलेला आहे. अशी कुणी डॉ. टायलर कधी नव्हतीच. कथा घडते अलास्कातल्या नोम या गावात, पण चित्रीकरण झालं कॅनडात आणि बल्गेरियात.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, सिनेमाच तो, थोडी थाप चालायचीच. पण जाहिरातीसाठी इंटरनेटवर खोट्या बातम्या तयार करून त्या अलास्कातल्या खऱ्या वृत्तपत्रांच्या नावावर खपवल्या गेल्या. वृत्तपत्रांनी हरकत घेतली आणि युनिव्हर्सल कंपनीला तडजोड म्हणून अलास्का प्रेस क्लबला २०,००० डॉलर द्यावे लागले.

आणि यातली खरी कळ वेगळीच आहे. नोममध्ये १९६०च्या दशकापासून माणसं खरोखर बेपत्ता होत होती, मरत होती. त्यातले बहुतेक जण आसपासच्या छोट्या वस्त्यांमधून आलेले मूलनिवासी होते. कुणी खुनी फिरतोय का, या संशयावरून एफबीआयने २४ प्रकरणं तपासली आणि २००६ मध्ये निष्कर्ष दिला: अतोनात दारू आणि जीवघेणी थंडी. नऊ जणांचे मृतदेह कधीच सापडले नाहीत. त्यांच्या घरच्यांना सिनेमाने उत्तर दिलं ते उडत्या तबकडीचं. ‘सत्य घटनेवर आधारित’ या तीन शब्दांची किंमत त्या घरांनी मोजली.

आता सिनेमाच्या नावाकडे या. जे. अ‍ॅलन हायनेक या खगोलशास्त्रज्ञाने १९७२च्या पुस्तकात अशा ‘निकट भेटीं’चे तीन प्रकार केले: जवळून काहीतरी दिसणं, त्याच्या खुणा मागे राहणं आणि आत कुणीतरी असल्याचं दिसणं. ‘अपहरण’ हा चौथा प्रकार नंतर इतरांनी जोडला. तिसऱ्या प्रकारावरचा स्पिलबर्गचा १९७७चा सिनेमा तुम्ही पाहिला असेल. त्यात भारतातला प्रचंड जमाव आकाशाकडे बोटं दाखवत पाच सुरांची धून म्हणतो. पडद्यावर अक्षरं येतात धरमशाळेची, पण तो प्रसंग चित्रित झाला आपल्या रायगड जिल्ह्यात, खालापूरजवळच्या हाळ गावात. तेव्हा पहिला नियम लिहून घ्या: कागदपत्रावर, फोटोवर किंवा पडद्यावर जे लिहिलंय तो एक दावा असतो. तो तपासायचा असतो.

पण सगळेच काही खोटं बोलत नाहीत, आणि खरा अवघड प्रश्न तिथेच सुरू होतो. प्रामाणिक माणूस घडलीच नाही अशी गोष्ट कशी आठवतो?

अमेरिकेतलं बेटी आणि बार्नी हिल हे जोडपं घ्या. सप्टेंबर १९६१ मध्ये रात्री गाडीने घरी परतताना त्यांना आकाशात प्रकाश दिसला, आणि मधल्या सुमारे दोन तासांचा हिशेब लागेना. काही दिवसांनी बेटीला भयंकर स्वप्नं पडू लागली. तिने ती लिहून काढली, इतरांना सांगितली. १९६४ मध्ये डॉ. बेंजामिन सायमन यांनी दोघांना वेगवेगळं संमोहित केलं, तेव्हा अपहरणाची सविस्तर कथा बाहेर आली. गंमत बघा, खुद्द डॉ. सायमन यांचं मत होतं की अपहरणाचा भाग बेटीच्या स्वप्नांतून आलाय आणि बार्नीने तो ऐकून ऐकून आपलासा केलाय. म्हणजे दोन साक्षीदार दिसत होते, पण उगम एकच होता.

पुढे मार्टिन कॉटमेयर या अभ्यासकाने आणखी एक धागा दाखवला. बार्नीने बोलणाऱ्या डोळ्यांचं वर्णन केलं २२ फेब्रुवारी १९६४ला. त्याच्या बारा दिवस आधी ‘द आउटर लिमिट्स’ या टीव्ही मालिकेच्या एका भागात तशाच डोळ्यांचा परग्रहवासी दाखवला होता. ऐकताच वाटतं, सापडलं उत्तर! थांबा. एक गोष्ट आधी आणि दुसरी नंतर घडली, एवढ्याने पहिली दुसरीचं कारण ठरत नाही. बार्नीने तो भाग पाहिला होता हे दाखवावं लागेल, आणि बेटीने तर ती मालिका माहीत असल्याचंच नाकारलं. शंका घेणाऱ्याचा दावासुद्धा त्याच चाळणीतून गेला पाहिजे. व्हायव्हात याच जागी भलेभले अडकतात.

हार्वर्डमध्ये सुसान क्लॅन्सी आणि रिचर्ड मॅकनॅली यांनी हा प्रश्न प्रयोगशाळेत नेला. अपहरण झाल्याचं सांगणाऱ्यांना त्यांनी शब्दांच्या याद्या दिल्या. उदाहरणार्थ आंबट, साखर, कडू, गोळी असे शब्द, पण ‘गोड’ हा शब्द यादीत नाही. नंतर विचारलं, ‘गोड’ होता का? संमोहनासारख्या मार्गाने अपहरणाची आठवण ‘परत मिळालेल्या’ लोकांनी तुलनेच्या गटापेक्षा जास्त वेळा ‘होता’ असं सांगितलं. यातल्या अनेकांच्या अनुभवाची सुरुवात होते ती झोपेच्या पक्षाघाताने. स्वप्नांच्या झोपेत शरीराचे स्नायू सैल पडलेले असतात. कधी मेंदू जागा होतो आणि स्नायू होत नाहीत. मग हलता येत नाही, छातीवर भार येतो, खोलीत कुणीतरी आहे असं वाटतं. अनुभव जगभर जवळपास सारखा, नाव मात्र वेगळं: न्यूफाउंडलंडमध्ये म्हातारी चेटकीण, जपानमध्ये कानाशिबारी, आपल्याकडे छातीवर बसलेलं भूत.

२००४च्या त्यांच्याच एका अभ्यासातली गोष्ट तर कायम लक्षात ठेवा. अपहरणाची आठवण सांगणाऱ्या दहा जणांना त्यांचीच कहाणी ध्वनिमुद्रित करून ऐकवली. हृदयाचे ठोके वाढले, तळहाताला घाम सुटला, अगदी खऱ्या आघातातून गेलेल्या माणसांसारखा. म्हणजे भीती खरी होती. पण भीती खरी आहे यावरून घटना खरी ठरत नाही, आणि घटना खरी नाही म्हणून माणूस खोटारडा ठरत नाही. मुलाखत घेताना ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी डोक्यात ठेवायची.

आता हे भोर-वेल्ह्यात आणू. (वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण बोलताना अजून वेल्हेच येतं.) तोरण्यावर मेंगाई देवीच्या मंदिरात रात्री मुक्काम करू नये, असं ट्रेकर मंडळी वर्षानुवर्षं एकमेकांना सांगत आली आहेत. शिवाय ‘चकवा’ आहेच: रात्री रानात माणूस चालत राहतो आणि फिरून त्याच जागी येतो. अपहरणाच्या कथांमधला ‘हरवलेला वेळ’ आणि चकव्यात हरवलेली रात्र यांची ठेवण किती सारखी आहे बघा.

चकव्याच्या जवळ जाणारा एक प्रयोगही झालाय. २००९ मध्ये यान सौमान आणि सहकाऱ्यांनी लोकांना जर्मनीतल्या सपाट जंगलात सरळ चालायला सांगितलं आणि जीपीएसने त्यांचा माग ठेवला. सूर्य दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ चालले. आभाळ भरून आलं तेव्हा ते गोल फिरले, आपलीच वाट ओलांडून गेले, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. पावसाळ्यात रायरेश्वराच्या पठारावर धुकं उतरलं की काय होत असेल, ते तुम्हीच ताडा. पण ‘चकवा म्हणजे एवढंच’ असं लिहून मोकळं होऊ नका. पाय का भरकटतात हे प्रयोगाने दाखवलं. माणसं त्याला चकवा का म्हणतात, कुणाला सांगतात, कुणापासून लपवतात, हा वेगळा प्रश्न आहे आणि कदाचित तुमच्या प्रबंधाचा तोच विषय असेल.

समजा, तुम्ही वेल्ह्यात एका आजोबांसमोर बसलात. “आजोबा, तुम्हाला चकवा लागला होता ना?” असं विचारलंत, की डेटा तिथेच बिघडला. शब्द तुम्ही दिलात, त्यांनी फक्त मान डोलावली. त्याऐवजी विचारा, “आजोबा, त्या रात्री घरून निघाल्यापासून काय काय झालं ते सांगा की.” मग गप्प बसा. ते स्वतःहून ‘चकवा’ म्हणाले, तर कितव्या मिनिटाला म्हणाले ते नोंदवा. “अवसेच्या आदल्या रातीला” असं काही निघालं, तर घरी येऊन पंचांग काढा. सांगितलेलं साल आणि महिना यांच्याशी तिथी जुळते का, त्या रात्री चंद्र होता का, हे तपासता येतं. आणि दुसरा साक्षीदार भेटला, तर त्याने ही गोष्ट आजोबांकडूनच ऐकली होती का, ते आधी विचारा. हिल दांपत्य आठवा.

नोंदवहीत तीन रकाने पाडा. पहिला अनुभव: काय दिसलं, ऐकलं, अंगाला जाणवलं. दुसरा अर्थ: त्याला त्यांनी काय म्हटलं आणि तेव्हाच म्हटलं की नंतर. तिसरा कथन: गोष्ट कुणाला, कितीदा, कुठल्या प्रसंगी सांगितली. बहुतेक कच्चे प्रबंध दुसऱ्या रकान्यातला मजकूर पहिल्यात टाकतात.

आणि नोम विसरू नका. गडावर, घाटात, धरणाच्या पाण्यात माणसं जातात. त्यांची घरं खालच्याच वाडीत असतात. अशा मृत्यूला तुमच्या लेखात ‘गूढ’ म्हणण्याआधी त्या घराची परवानगी आणि पोलिसातली नोंद, दोन्ही बघा. ‘झपाटलेलं गाव’ असं शीर्षक दिलंत, तर तुम्ही पुण्याला परत जाल, गाव तिथेच राहील.

या आठवड्याचा अभ्यास: सिनेमाची पहिली वीस मिनिटं बघा आणि त्यात ‘खरं’ म्हणून सांगितलेली प्रत्येक गोष्ट तीन रकान्यांत भरा. मग तेच तुमच्या स्वतःच्या सिनॉप्सिसच्या पहिल्या पानाला लावा. दुसरं काम जास्त वेळ घेईल, त्यामुळे रविवार मोकळा ठेवा.