कथास्वाद, लेखांक सातवा : पहिली भेट कोणती?

गेल्या लेखांकात कथेच्या आरंभाविषयी लिहिताना मी म्हटले होते की, कादंबरीच्या वाड्याला दिंडी, चौक, ओसरी असे क्रमाने ओलांडावयाचे टप्पे असतात, तर लघुकथेच्या घरात उंबरठा ओलांडताच माजघर लागते. तोच धागा धरून आज मला एका विशिष्ट जातीच्या कथांकडे वळावयाचे आहे. कोवळ्या वयाच्या दोन जीवांची प्रथमच गाठ पडते आणि त्या गाठीभोवतीच सारी कथा विणली जाते, अशा या कथा आहेत. त्या तरुणांनी वाचावयाच्या आणि प्रौढांनी हसून बाजूला ठेवावयाच्या, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. तो मला मान्य नाही. कारण लघुकथेच्या कलेची सर्वांत कठीण परीक्षा मला याच कथांत होताना दिसते.

माझी या जातीच्या कथेशी ओळख झाली ती एका तालुक्याच्या गावच्या वाचनालयात. जुन्या मासिकांचे अंक वर्षावर्षाचे एकत्र बांधून तेथे कपाटात ठेवलेले असत, आणि सुट्टीच्या दिवसांत ते बाड मांडीवर घेऊन खिडकीपाशी बसण्याची मुभा ग्रंथपालांनी मला दिली होती. त्यांतील एका कथेत पावसात अडकलेली एक मुलगी आणि एक मुलगा दुकानाच्या वळचणीला उभी राहतात, दोघांत एकच छत्री असते, आणि ती प्रथम कोणी उघडावी या संकोचात पाऊस थांबून जातो, इथपर्यंतचा मजकूर मी वाचला. पुढची दोन पाने बांधणीतून निखळून गेली होती. लेखकाचे नाव आज मला आठवत नाही. पण त्या गहाळ पानांनी माझी कित्येक वर्षे पाठ सोडली नाही. ती दोघे पुन्हा भेटली की नाही, हा प्रश्न मला प्रथम केवळ कुतूहलाचा वाटला होता. पुढे ध्यानात आले की, ती पुन्हा भेटली नसतील तर मी वाचली ती ‘पहिली भेट’ नव्हतीच; ती नुसती भेट होती. पहिलेपण दुसऱ्याच्या आधाराने उभे राहते. दुकानाच्या वळचणीला उभ्या असलेल्या त्या दोघांना आपली ही पहिली भेट आहे हे ठाऊक असणे शक्यच नव्हते. ते फक्त लेखकाला ठाऊक होते, आणि गहाळ पानांत त्याचा दाखला होता.

या जातीच्या कथेचे सारे मर्म मला येथे आढळते. पात्रांना जे ठाऊक नाही ते कथाकाराला ठाऊक असते, आणि आपले हे ज्ञान त्याने कोठे उघड करावे व कोठे गुप्त ठेवावे यावर कथेचा रस अवलंबून असतो. सामान्य लेखक पहिल्याच ओळीत वाद्ये वाजवू लागतो. नायिकेचे डोळे, नायकाचे थबकणे, वाऱ्याची झुळूक, सारे काही ‘ही पहिली भेट आहे हो’ अशी दवंडी पिटत येते. खरा कथाकार मात्र ती भेट बाजाराच्या गर्दीत, चिखलात, दह्याच्या भांड्याआड लपवून ठेवतो.

आपल्या मराठी कथेला ही भेट रंगवावयास विषय मिळाला तोच मुळी उशिरा, आणि याची कारणे वाङ्मयाबाहेरची आहेत. 1890 मध्ये हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ सुरू केले, 1895 मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्र यांचे ‘मनोरंजन’ निघाले, आणि 1909 साली त्याच ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाचा पायंडा पाडला, म्हणजे छोट्या गोष्टीला घर मिळाले होते. पण त्या घरात येणाऱ्या वधूवरांची लग्ने ज्या वयात होत, त्या वयात स्वयंप्रेरणेने कोणी कोणाला भेटण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. पती-पत्नींची पहिली भेट अंतरपाटाच्या दोन बाजूंना होई, आणि तीही मंगलाष्टकांच्या गजरात, मान खाली घालून. 1929 मध्ये संमत होऊन पुढील वर्षीच्या एप्रिलपासून अमलात आलेल्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा आणि मुलाचे अठरा ठरविले. कायद्याच्या हुकमाने समाज एका दिवसात बदलत नाही; परंतु मुलींच्या शाळा, 1916 मध्ये अण्णासाहेब कर्व्यांनी स्थापिलेले महिला विद्यापीठ, आणि महाविद्यालयांतून मुलामुलींचे एका छताखाली शिकणे, या साऱ्यांनी मिळून बालपण आणि विवाह यांच्यामध्ये काही वर्षांची मोकळी जागा निर्माण केली. मराठीतील पहिल्या भेटीची कथा त्या जागेत उगवली. ना. सी. फडक्यांच्या लेखनातील महाविद्यालयीन तरुण-तरुणी तेथलेच रहिवासी होत. फडक्यांच्या तंत्रनिष्ठेवर टीका करणे आज सोपे झाले आहे. पण ज्या पिढीला परक्या तरुणीशी चार वाक्ये कशी बोलावीत याचा पाठ घरात कोणी दिला नव्हता, त्या पिढीला तो पाठ त्यांच्या पानांवर मिळाला. हे ऋण मी तरी नाकारणार नाही.

त्याच वेळी मध्यमवर्गाच्या घरात भेटीचा दुसरा एक विधी रूढ झाला, तो बघण्याच्या कार्यक्रमाचा. सतरंजी, पोह्यांच्या बशा, ‘नाव काय, शिक्षण किती, गाता येते का’ हे जाबजबाब, आणि या सर्वांच्या साक्षीने झालेली नजरानजर! कथाकाराला हा विधी नेहमीच आकर्षक वाटला आहे, कारण ही अशी एकमेव पहिली भेट आहे की जी पहिली असल्याचे तीत भाग घेणाऱ्यांना आगाऊ कळविलेले असते, आणि म्हणूनच ती खऱ्या अर्थाने घडणे अत्यंत दुष्कर होते.

हे दुष्करत्व रवींद्रनाथ ठाकुरांनी ‘समाप्ती’ या 1893 मधील कथेत ज्या कौशल्याने हाताळले आहे, त्याला तोड नाही. अपूर्वकृष्ण बी. ए. होऊन कलकत्त्याहून गावी परत येतो. नदीच्या काठी नाव लागते, तो ऐटीने उतरतो, आणि पहिलेच पाऊल टाकतो तो चिखलात घसरून पडतो. तत्क्षणी विटांच्या ढिगावर बसलेल्या एका मुलीच्या हसण्याचा आवाज येतो. ती मृण्मयी, गावातील पोरांबरोबर हुंदडणारी, आणि बायाबापड्यांनी जिच्याविषयी आशाच सोडून दिली आहे अशी. पुढे अपूर्व रीतसर दुसरी एक मुलगी पाहावयास जातो. नटवून आणलेली ती बिचारी खाली मान घालून बसते, तो प्रश्न विचारू लागतो, आणि या गंभीर प्रसंगात मृण्मयी वाऱ्यासारखी घुसून सारा कार्यक्रम उधळून लावते. निघताना पाहतो तो त्याचे नवे कोरे बूट नाहीसे झालेले. यजमानाच्या जुन्या वहाणा घालून परतताना वाटेत पुन्हा तेच हसू कानी येते, मृण्मयी झाडाआडून येऊन बूट पुढे ठेवते आणि पळू पाहते. तो तिचे दोन्ही हात धरतो, क्षणभर तिच्या मुद्रेकडे पाहत राहतो, आणि काहीही शिक्षा न करता तिला सोडून देतो.

या कथेत पहिली भेट कोणती, हा प्रश्न वाचकाने स्वतःला विचारून पाहावा. चिखलाजवळची? तेथे तर तिला फक्त एक घसरलेला बाबू दिसला होता. बूट परत देतानाची? तेथे त्याला ती दिसली, तिला तो दिसला नाही. पुढे त्यांचे लग्न होते, आणि तरीही भेट होत नाही. कलकत्त्यास निघताना तो तिच्याकडे स्वेच्छेने दिलेले एक चुंबन मागतो, आणि तिला हसू आवरत नाही. सबंध कथाभर हे हसणे भेटीच्या आड येत राहते. अखेर ती आपण होऊन सासूसह कलकत्त्यास येते, आणि बहिणीच्या घरी काळोख्या खोलीत अपूर्वाला दोन हात वेढून घेतात तेव्हा त्या जागी अश्रू असतात. कथेचे नाव ‘समाप्ती’ आहे, आणि माझ्या हिशेबाने ती दोघे प्रथम भेटतात ती या समाप्तीच्या वाक्यांत. विवाहाची तारीख आणि भेटीची तारीख यांची रुजवात घालता येत नाही, हे सांगावयास ठाकुरांना त्या काळच्या बंगाली घरातील सारी वास्तवता जशीच्या तशी उपयोगी पडली आहे.

युरोपातील दोन कथांचा निर्देश येथे केला पाहिजे. दस्तयेव्हस्कीच्या 1848 मधील ‘शुभ्र रात्री’त पीटर्सबर्गच्या कालव्याकाठी रडत उभ्या असलेल्या नास्तेंकाची एका एकाकी स्वप्नाळू तरुणाशी गाठ पडते. तिची अंध आजी तिला आपल्या झग्याला टाचणीने जोडून बसवीत असे, हा तपशील ज्याने एकदा वाचला तो ती मुलगी कधी विसरणार नाही. परंतु मला अधिक जवळची वाटते ती जेम्स जॉईसच्या ‘डब्लिनर्स’ या 1914 च्या संग्रहातील ‘अ‍ॅरबी’. शेजारच्या मित्राच्या बहिणीला रोज दुरून न्याहाळणाऱ्या मुलाशी एके दिवशी ती आपण होऊन बोलते. अ‍ॅरबी नावाच्या जत्रेला जाणार का, एवढेच विचारते. आपण हो म्हणालो की नाही, तेही त्याला नंतर आठवत नाही. बोलताना ती मनगटावरचे चांदीचे कंकण फिरवीत असते, आणि कठड्याशी टेकलेल्या तिच्या हातावर समोरच्या दिव्याचा उजेड पडलेला असतो. तिला जाता येणार नाही म्हणून तो तिच्यासाठी काही आणण्याचे कबूल करतो. काका उशिरा घरी येतो, पैसे उशिरा मिळतात, आणि तो पोहोचतो तेव्हा जत्रेतले दिवे मालवले जात असतात. भेटीची कथा म्हणून हिची थोरवी अशी की तीत भेट एकाच पानात आटोपते आणि बाकीची पाने त्या भेटीने एका कोवळ्या मनावर लादलेल्या जबाबदारीची आहेत. मुलाला काय वाटले याची वर्णने जॉईस करतोच. पण माझ्या स्मरणात राहिले आहे ते कंकण.

आता ज्या कथेसाठी हा लेखांक योजिला, तिच्याकडे येतो. चंद्रधर शर्मा गुलेरी यांची ‘उसने कहा था’ ही हिंदी कथा 1915 मध्ये, म्हणजे पहिले महायुद्ध प्रत्यक्ष चालू असताना, ‘सरस्वती’ मासिकात प्रसिद्ध झाली. गुलेरी संस्कृताचे पंडित. कथा त्यांनी अगदी मोजक्या लिहिल्या आणि एकोणचाळिसाव्या वर्षी ते वारले. आरंभी अमृतसरच्या बाजारातील गाडीवानांच्या गोड जिभेचे वर्णन येते, आणि त्या गर्दीत एका दुकानावर बारा वर्षांचा मुलगा आणि आठ वर्षांची मुलगी भेटतात. तो मामाचे केस धुण्यासाठी दही न्यावयास आला आहे, ती स्वयंपाकासाठी वड्या. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाशी गुंतलेला असल्यामुळे दोघांना थांबावे लागते. प्रेमकथेचा देव तो दुकानदार! मुलगा तिला सोयरीक झाली का असे विचारतो, ती त्याला झिडकारून पळते. असे महिनाभर चालते. एके दिवशी ती ‘झाली’ म्हणून सांगते आणि रेशमी कशिद्याचा शेला दाखविते. मग घरी जाईपर्यंत तो मुलगा एका पोराला गटारात ढकलतो, एका फेरीवाल्याची दिवसभराची कमाई मातीत मिळवितो, एका कुत्र्याला दगड मारतो, फुलकोबीच्या गाडीत दूध ओततो, आणि नुकत्याच न्हाऊन येणाऱ्या एका सोवळ्या बाईवर आदळून शिव्या खातो. त्याच्या मनात काय चालले होते याविषयी गुलेरी एक अक्षर लिहीत नाहीत. नुकसानीची ही फेरिस्तच त्या मनाचा दस्तऐवज आहे.

नंतर मजकूर एकदम पंचवीस वर्षे ओलांडतो. फ्रान्सच्या भूमीवर, गुडघाभर चिखलाच्या खंदकात जमादार लहनासिंग उभा आहे, आणि त्याच्याबरोबर सुभेदार हजारासिंग व त्याचा आजारी मुलगा बोधासिंग. लहनासिंग आपली उबदार वस्त्रे त्या मुलाच्या अंगावर घालतो, स्वतः थंडीत पहारा करतो, आणि चकमकीत लागलेली जखम लपवून आधी त्या बापलेकांना गाडीत चढवून रवाना करतो. हे सारे का, ते मरतेसमयी त्याच्या स्मृतीतून उलगडते. पलटणीवर निघताना तो सुभेदाराच्या घरी गेला असता सुभेदारणीने त्याला ओळखले होते. तोच त्या दुकानावरचा जुना प्रश्न तिने त्याला आठवून दिला, आणि पदर पसरून नवऱ्याचे व मुलाचे रक्षण मागितले.

तिच्या त्या बोलण्यात एक वाक्य असे येते की, ते वाचून मी पुस्तक हातात तसेच धरून बसलो. ती सांगते, एके दिवशी टांग्याचा घोडा दहीवाल्याच्या दुकानापाशी उधळला होता, तेव्हा तुम्ही स्वतः घोड्याच्या लाथांत शिरून मला उचलून दुकानाच्या फळीवर उभे केले होते, माझे प्राण वाचविले होते; तसेच या दोघांचे वाचवा. मी पाने उलटून पुन्हा अमृतसरच्या बाजारात गेलो. दही होते, वड्या होत्या, गाडीवानांची गोड बोली होती, गटारात पडलेले पोर होते. उधळलेल्या घोड्याचा मात्र तेथे उल्लेखही नव्हता. आठ वर्षांच्या त्या मुलीने तो प्रसंग पंचवीस वर्षे जपून ठेवला होता, आणि लेखकाने तो तिच्याच हवाली करून, पहिल्या पानावर आम्हां वाचकांना त्या दुकानाशी नुसते उभे राहू दिले होते.