‘त्याले का समजते जी?’

लग्नाच्या मांडवात, दवाखान्याच्या रांगेत, बाजारात, भंडारा जिल्ह्यात कुठेही जा, हे वाक्य कानावर पडतेच. पंचवीस वर्षांचा मुलगा शेजारी उभा असतो आणि त्याच्यादेखत कोणीतरी सांगते, “त्याले का समजते जी? पाच वर्साच्या पोरावानी हाये.” मुलगा मान खाली घालतो, म्हणजे त्याला समजलेले असते. विशेष शाळा सुटल्यापासून तो सपरीत बसून आहे. त्याला काम शिकवण्याचा विषय या एका वाक्यापाशी संपलेला असतो.

गैरसमज : बुद्धी पाच वर्षांच्या मुलाची, मग काम कसे शिकणार?

वस्तुस्थिती : ‘मानसिक वय’ हा चाचणीतल्या गुणांचा हिशेब आहे. आल्फ्रेड बिने यांनी फ्रान्समध्ये १९०५ साली बुद्धिमत्तेची पहिली चाचणी तयार केली, ती शाळेत मागे पडणारी मुले ओळखण्यासाठी. पंचवीस वर्षांच्या माणसाला पंचवीस पावसाळ्यांचा अनुभव असतो, हाता-पायांत मोठ्या माणसाची ताकद असते आणि आवडीनिवडी, मानापमानही मोठ्या माणसाचेच असतात. त्याला शब्द, आकडे आणि नवी गोष्ट समजायला वेळ लागतो, हे खरे. पण वेळ लागणे वेगळे आणि शिकताच न येणे वेगळे.

शंका असेल तर इलिनॉय विद्यापीठातील मार्क गोल्ड यांचा १९७२ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहा. मध्यम आणि तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या ६४ जणांना त्यांनी सायकलचा १५ भागांचा ब्रेक जोडायला शिकवला आणि पुढे २४ भागांचा. बहुतेक जण शिकले. ज्यांच्यासाठी भागांना रंग देऊन खूण केली होती, ते आणखी लवकर शिकले. गोल्ड यांचे म्हणणे सरळ होते : माणूस शिकला नाही, तर शिकवण्याची रीत बदला.

ही रीत आपल्याकडे कशी वापरायची? आपला जिल्हा धानाचा, तेव्हा तांदळाच्या एक किलोच्या पिशव्या भरण्याचे काम घेऊ. आकडे वाचता येत नाहीत? दोन पारड्यांचा तराजू द्या. एका पारड्यात किलोचे वजन, दुसऱ्यात पिशवी. पारडी बरोबरीत आली की माप झाले. पिशवी बंद करायच्या मशीनवर छोटा दिवा असतो; तो विझला की दांडा वर उचलायचा. दहापर्यंत मोजता येत नाही? फळीवर दहा चौकोन आखा. प्रत्येक चौकोनात एक पिशवी ठेवायची, फळी भरली की खोक्यात. सुरुवातीला हात धरून शिकवा, मग नुसती खूण करा, मग गप्प उभे राहा आणि शेवटी दूर जा. आज दोन पायऱ्या जमल्या तर उद्या त्याच दोन पुन्हा करा. सहा महिने लागले तरी लागू द्या. आपणही सायकल एका दिवसात शिकलो नव्हतो.

प्रत्येकाला प्रत्येक काम जमेल असे नाही. काहींना कायम कोणाची तरी सोबत लागेल. पण आधी शिकवून तर पाहा! न शिकवताच ‘जमत नाही’ म्हणणे हा अन्याय आहे.

इतर गैरसमज थोडक्यात :

‘हा वेडेपणा आहे.’ नाही. मानसिक आजार कोणत्याही वयात होतो आणि त्यावर औषधे असतात. बौद्धिक अक्षमता ही वाढीच्या वयातच दिसणारी अवस्था आहे.

‘लग्न लावून दिले की सुधारेल.’ लग्न हा उपचार नाही. या समजापायी दोन आयुष्ये अडचणीत येतात.

‘अठरानंतर काहीच सोय नसते.’ महाराष्ट्रात प्रौढांसाठी स्वतंत्र कार्यशाळा आहेत. पुण्याची ‘कामायनी’ १९६४ पासून या क्षेत्रात आहे. मुंबईत जुहूला ‘अर्पण’ कॅफेमध्ये अशीच प्रौढ मंडळी काम करतात.

‘प्रशिक्षण म्हणजे मेणबत्त्या आणि कागदी पिशव्या.’ दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम १९ मध्ये बौद्धिक अक्षमता व स्वमग्नता असलेल्यांच्या प्रशिक्षणाचा बाजाराशी थेट संबंध असावा, असे म्हटले आहे. आपल्याकडचा बाजार म्हणजे राइस मिल, पितळी भांड्यांची दुकाने, रोपवाटिका.

‘सरकारी नोकरीत यांना जागा नाही.’ याच कायद्याने दिव्यांगांना ४ टक्के आरक्षण दिले आहे. त्यातला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार, बहुविकलांगता अशा गटांसाठी आहे.

‘मुलगा मोठा झाला तरी सही आमचीच चालते.’ अठरानंतर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. त्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करावा लागतो.

घरात असे कोणी असेल, तर उद्या सकाळी तांदूळ आणि तराजू घेऊन त्याच्याजवळ बसा. पहिली पिशवी तुम्ही भरा, दुसरी त्याला भरू द्या. मधे कोणी “त्याले का समजते जी?” म्हणालेच, तर उत्तर देऊ नका. त्याला पिशवी पूर्ण करू द्या.