'टेक' म्हणजे नुसतं घेणं नव्हे!

मैत्रिणींनो, मुलांचा इंग्रजीचा अभ्यास घ्यायला बसलं की कोणता शब्द जास्त छळतो? मोठमोठे शब्द नाहीत, तर 'टेक'सारखा एवढासा शब्द! डिक्शनरीत त्याचा अर्थ सापडतो 'घेणे'. पण वाक्यात तो काही केल्या बसत नाही.

इंझोरीसारख्या गावातल्या शाळेतली पोरगी विचारते, "आई, टेक म्हंजे घेनं ना? मंग 'टेक ॲन एक्झाम' म्हंजे परीक्षा घेनं?" आता आपल्याकडे परीक्षा घेतात गुरुजी, मुलं ती देतात. इंग्रजीत मात्र परीक्षा 'टेक' करतात ती मुलंच! इथेच कित्येक जणी "तुझ्या सरांना विचार" म्हणून उठतात आणि पुन्हा त्या वहीकडे फिरकत नाहीत.

राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते 2000 साली. त्याआधी शिकलेल्या आपल्यासारख्यांचं इंग्रजी पाचवीपासूनचं, तेही पाठांतराचं. मग भीती वाटणारच.

पण आपल्या 'लागणे'कडे बघा. भूक लागते, ठेच लागते, डोळा लागतो, पैसे लागतात. मानोऱ्याच्या स्टँडवर 'गाडी लागली' म्हणजे फलाटावर आली, अन् घाटात 'गाडी लागली' म्हणजे मळमळायला लागलं! हे अर्थ कुणी आपल्याकडून पाठ करून घेतले होते का? आपण अख्खं वाक्य प्रसंगासकट उचललं. 'टेक'चंही तसंच करायचं.

'टेक अ फोटो' म्हणजे फोटो काढणं. 'टेक अ बस' म्हणजे बसने जाणं, विकत घेणं नव्हे. 'टेक प्लेस' म्हणजे जागा घेणं नव्हे, तर घडणं. 'टेक युवर टाइम' म्हणजे होऊ दे सावकाश. मागे 'ऑफ' लागला तर चपला काढल्या जातात, नाहीतर विमान उडतं! आणि 'टेक आफ्टर' तर अगदी आपल्या घरातला. पोरगी आईवर गेली, असं आपण म्हणतो ना, तेच हे.

गंमत म्हणजे 'टेक' मूळचा इंग्लंडचा नाहीच. हजारेक वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून आलेल्या व्हायकिंग लोकांचा तो शब्द. त्याने तिथला घेण्यासाठीचा जुना शब्दच मागे सारला. बाहेरून आलेल्या सुनेने सगळं घर हाती घ्यावं, तसं झालं.

तेव्हा एक साधी वही करा. नुसता शब्द आणि त्याचा अर्थ लिहू नका, अख्खं वाक्य लिहा आणि शेजारी आपण घरात ते कसं बोलतो ते लिहा. अर्थ मुलीला सांगू द्या, मराठी बोल तुम्ही सुचवा. रोज एकच वाक्य पुरे. मराठी तुम्हाला पक्की येतेच, त्यामुळे निम्मा अभ्यास तर तुमचा आधीच झालाय!