जाहिरात न निघणारे काम : ओळख, विचारणा आणि शोध



नोकरीच्या जाहिरातींत ‘मराठीचा पदवीधर पाहिजे’ ही ओळ क्वचितच दिसते. त्यावरून आपल्या विषयाला बाजारात कामच नाही, असा निष्कर्ष पुष्कळ जण काढतात. तो बरोबर नाही. मुद्रितशोधन, अनुवाद, मालिकांची सबटायटल्स, मोबाइल ॲपमधील मजकुराचे मराठीकरण, श्राव्यपुस्तकांच्या संहितांची तपासणी ही कामे सतत चालू असतात. मात्र ती देणारे बहुधा लहान प्रकाशक किंवा अनुवादसंस्था असतात. एकच माणूस हवा असताना जाहिरात देऊन शेकडो अर्ज वाचण्यापेक्षा ते आपल्याकडे काम करणाऱ्यालाच विचारतात, ‘तुमच्या माहितीत कोणी आहे का?’ या प्रश्नाच्या उत्तरात तुमचे नाव कसे यावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

ही रीत आपल्याकडे नवी नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो कामगार जाहिरात वाचून आले नव्हते. गावचा, नात्यातला कोणी आधी आलेला असे. त्याच्या ओळखीने खोलीत जागा मिळे आणि जॉबर, म्हणजे मुकादम, कामावर घेई. याच व्यवस्थेत जॉबरला द्यावी लागणारी ‘दस्तुरी’ही होती. म्हणून ओळखीने काम मिळवणे म्हटले की आपल्या मनात प्रथम ‘वशिला’ हा शब्द येतो आणि स्वाभिमानी माणूस मागे सरतो.

येथे शब्दांकडे थोडे लक्ष द्या. ‘वशिला’ हा मूळ अरबी शब्द; त्याचा अर्थ साधन, मध्यस्थ. मराठीत तो पात्रता बाजूला सारणाऱ्या मध्यस्थीसाठी रूढ झाला. ‘ओळख’ मात्र ‘ओळखणे’ या क्रियापदाशी जोडलेली आहे. तुम्हाला काय येते, हे समोरच्याला ठाऊक असणे, ही ओळख. वशिल्याने निवड ठरते. ओळखीने बातमी कळते आणि निवडीची परीक्षा पुढे द्यावीच लागते. हा भेद मनात पक्का असेल, तर विचारणा करताना संकोच वाटण्याचे कारण नाही.

विचारायचे कोणाला? समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये या प्रश्नावर एक गाजलेला निबंध लिहिला. अमेरिकेतील बॉस्टनच्या एका उपनगरात, परिचितांकडून कळून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारले, त्या परिचिताची भेट किती वेळा होत असे? वारंवार, असे सांगणारे सुमारे १७ टक्के होते. अधूनमधून, असे सांगणारे ५६ टक्के आणि क्वचित, असे सांगणारे २८ टक्के. कारण सरळ आहे. जिवलगांना ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी दूरच्या वर्तुळातून येते. हे आकडे तेथील व्यावसायिक व व्यवस्थापकीय नोकऱ्यांचे आहेत, ते जसेच्या तसे नाशिकला किंवा लातूरला लावू नयेत. तर्क मात्र लागू पडतो. या दृष्टीने मुक्त शिक्षणातील विद्यार्थ्याची बाजू भक्कम आहे. संपर्कसत्रात तुमच्या बाकावर छापखान्यातला कामगार, पतसंस्थेतील लिपिक, अंगणवाडी सेविका असू शकते. नियमित महाविद्यालयातील एकाच वयाच्या वर्गाला हे वैविध्य लाभत नाही.

‘काही काम असेल तर सांगा’ असे मात्र म्हणू नका. त्याला ‘हो, सांगतो’ हेच उत्तर येते आणि संभाषण तेथेच संपते. काम मागण्याऐवजी माहिती विचारा. उदाहरणार्थ : ‘आपल्या प्रकाशनाच्या पुस्तकात मुद्रितशोधक म्हणून आपले नाव वाचले. मला हे काम शिकायचे आहे. सुरुवात कशी करावी, हे विचारण्यासाठी दहा मिनिटे फोनवर बोलता येईल का?’ अशा प्रश्नाला बहुतेक माणसे उत्तर देतात, कारण त्यात त्यांच्या कौशल्याचा मान आहे.

अशी नावे सापडतात पुस्तकाच्या आरंभीच्या श्रेयपानावर. प्रकाशक, मुद्रक, अक्षरजुळणी करणारे, कधी मुद्रितशोधक, सारे तेथे असतात. वाचक ते पान उलटून पुढे जातो. दिवाळी अंकांचेही तसेच. त्यांचे संपादनकार्य पावसाळ्यात सुरू होते, म्हणून विचारणा ऑक्टोबरात नव्हे, जून-जुलैत करावी.

आंतरजालावर शोधताना ‘नोकरी’ हा शब्द फारसा उपयोगी पडत नाही. कामाचे नाव लिहा, आणि त्याची सगळी रूपे वापरा : मुद्रितशोधक, प्रूफरीडर, अनुवादक, ट्रान्सलेटर, देवनागरीत आणि रोमन लिपीतही. अनुवादसंस्था ‘लिंग्विस्ट’ म्हणतात, तेव्हा त्यांना बहुधा अनुवादक किंवा भाषा तपासनीस हवा असतो. भाषाविज्ञानाचा अभ्यासक म्हणून मला हा वापर खटकतो, तरी तुम्ही तो शब्द शोधात घालाच. दोन शब्द सलग हवे असतील, तर ते अवतरणचिन्हांत लिहावेत. संस्था सापडली की तिच्या संकेतस्थळावरील ‘करिअर’ हे पान पाहा. ते नसेल तर संपर्काच्या पत्त्यावर आपल्या कामाचा एक पानी नमुना पाठवा. चाचणी म्हणून एखादा परिच्छेद मागणे रास्त आहे. संपूर्ण प्रकरण विनामोबदला मागितले, तर नम्रपणे नकार द्यावा.

सरकारी नोकरीला यांतले काहीही लागू नाही. संविधानाच्या अनुच्छेद १६ नुसार तेथे सर्वांना समान संधी असते आणि नियमित भरती जाहीर प्रक्रियेनेच होते. ‘जाहिरात न निघालेली सरकारी जागा आहे, रक्कम भरा’ असे कोणी सांगितले, तर ती फसवणूक समजावी. खासगी कामासाठीही ‘नोंदणी शुल्क’ मागितले गेल्यास तेथून परत फिरावे. काम देणारा पैसे देतो, घेत नाही.

स्वाध्याय : घरातील किंवा वाचनालयातील, गेल्या पाच वर्षांत प्रसिद्ध झालेली तीन मराठी पुस्तके घ्या. त्यांच्या श्रेयपानांवरील नावे व त्यांची कामे वहीत उतरवा. त्यांपैकी एका व्यक्तीला उद्देशून चार ओळींचे विचारणापत्र लिहा आणि पुढील संपर्कसत्रात शेजारच्या विद्यार्थ्याकडून तपासून घ्या.