विहिरीची जागा सांगणारा इतका निश्चिंत का असतो?

बीड जिल्ह्यात होळी सरली की विहिरी तळ दाखवू लागतात. बागेची पाने मलूल होतात, जनावरांच्या पाण्याची चिंता पडते, आणि ज्याच्याजवळ चार पैसे आहेत, किंवा ज्याला ते कोणी व्याजाने देतो, तो शेतकरी विंधन विहीर घेण्याचा विचार करू लागतो. जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान सातशे मिलिमीटरच्या आतच आहे, आणि तेवढे तरी दरवर्षी पडेल असा भरवसा नाही. १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांच्या ध्यानात आहे. २०१५-१६ ची टंचाई तरुणांनीही भोगली आहे. त्या २०१६ च्या उन्हाळ्यात केज तालुक्यातील धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. अशा प्रदेशात पाण्याची जागा सांगणाऱ्यास मान मिळावा यात नवल नाही.

म्हणून बोअरची गाडी गावात येण्यापूर्वी एक माणूस येतो. त्यास पाणाड्या म्हणतात. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून अनवाणी फिरतो. कोणी कडुनिंबाची बेचक्यासारखी फांदी धरतो, कोणी तांब्याच्या दोन वाकड्या तारा. एके ठिकाणी नारळ उभा राहतो, फांदी खाली वळते, आणि तो टाच रोवून सांगतो, ‘येथे दीडशे फुटांवर दोन इंची पाणी आहे.’ त्याच्या बोलण्यात ‘कदाचित’ हा शब्द नसतो. त्याच शेतात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा भूवैज्ञानिक येऊन विजेच्या यंत्राने खडकाचा प्रतिरोध मोजतो, आसपासच्या विहिरी पाहतो, आणि शेवटी म्हणतो, ‘येथे पाणी लागण्याची शक्यता बरी आहे.’ ज्याने पुष्कळ पाहिले त्याचे बोलणे सावध, आणि ज्याने खडकाचा तुकडाही हाती घेऊन पाहिला नाही त्याचे बोलणे ठाम, असे का व्हावे? हा प्रश्न करमणुकीचा नाही. भोक कोरडे गेले तरी फुटाच्या दराने गाडीचे पैसे द्यावेच लागतात, आणि ते पाणाड्या देत नाही.

प्रथम जमिनीखाली काय आहे ते पाहू. गोदाकाठची गाळाची पट्टी सोडली तर जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या अग्निजन्य खडकाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरत गेले व थिजले. विहीर खणणाऱ्यांना हे थर ओळखीचे आहेत: वर माती, तिच्याखाली मुरूम, मग कोठे सच्छिद्र मांजऱ्या, आणि खाली घट्ट काळा पाषाण. पाणी साठते ते मुरमात, मांजऱ्याच्या एकमेकींशी जोडलेल्या पोकळ्यांत आणि पाषाणाच्या भेगांत. घट्ट पाषाणास भेग नसेल तर तो कितीही खोल विंधला तरी भुकटीच वर येते. जमिनीखाली पाण्याच्या शिरा नद्यांप्रमाणे वाहतात आणि त्यांपैकी एक नेमकी गाठायची असते, ही समजूत या खडकास लागू पडत नाही.

यातून एक गोष्ट निघते. ओढ्याकाठच्या सखल, मुरमाड शिवारात बहुतेक ठिकाणी थोडेफार पाणी लागतेच. बालाघाटच्या माथ्यावर, आष्टी-पाटोद्याकडील उघड्या खडकाच्या रानात ते क्वचित लागते. समजा, एखाद्या शिवारात दहा ठिकाणी विंधले असता सहा ठिकाणी पाणी लागते. तेथे डोळे मिटून खडा फेकणाऱ्यासही दहांत सहा वेळा यश येईल. पाणाड्याचे सहा यश पाहून त्यास ज्ञान आहे असे ठरविण्यापूर्वी, त्याने ‘येथे काही नाही’ म्हणून सोडलेल्या जागाही विंधून पाहावयास हव्यात. त्या कोणीच विंधत नाही. एवढा पैसा कोणाजवळ आहे? यास्तव त्याच्या विद्येची परीक्षा गावात कधी होतच नाही, आणि ज्या विद्येची परीक्षा होत नाही तिच्यावरील विश्वास ढळण्याचे कारणही पडत नाही.

नारळ खरोखर हलतो

पाणाड्यास लबाड म्हणून मोकळे होणे सोपे आहे, परंतु ते बहुधा अन्यायाचे ठरेल. पुष्कळांचा आपल्या हातावर मनापासून विश्वास असतो, कारण नारळ हातात खरोखरच हलतो. फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८३३ मध्ये दोऱ्यास टांगलेल्या लंबकावर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. लंबक हलेल अशी अपेक्षा असता तो त्यांच्या हातात हले. डोळ्यांवर पट्टी बांधली की थांबे. १८५२ मध्ये इंग्लंडातील कार्पेंटर यांनी या प्रकारास नाव दिले. मनात अपेक्षा असली की स्नायूंची सूक्ष्म हालचाल आपल्या नकळत घडते, आणि ती बाहेरून कोणी करवीत आहे असे वाटते. सखल जागा, हिरवे राहिलेले झाड, शेजारची भरलेली विहीर हे सारे पाणाड्याच्या डोळ्यांनी टिपलेले असते. त्याचा हात त्याच्या डोळ्यांचेच सांगणे ऐकतो, आणि तो समजतो की जमीन बोलली.

डोळ्यांनी टिपलेल्या या खुणा अगदीच टाकाऊ नाहीत. सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त ‘दकार्गल’ नावाचा एक अध्याय भूमिगत जलावर लिहिला आणि त्यात वृक्ष, वारुळे व मातीचे रंग यांवरून पाण्याचे अनुमान सांगितले. त्यातील सर्वच अनुमाने आज ग्राह्य धरता येणार नाहीत; परंतु तेथे निदान पाहण्याजोगी खूण दिलेली आहे, आणि ती खोटी ठरली तर तसे म्हणता येते. नारळाविषयी तसे काही म्हणता येत नाही.

डोळ्यांचा आधार काढून घेतला तर काय होते, याची मोठी परीक्षा जर्मनीत १९८७-८८ मध्ये म्युनिकजवळच्या एका कोठारात झाली. खालच्या मजल्यावर पाण्याचा नळ गाड्यावर बसवून, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने तो कधी येथे तर कधी तेथे नेण्यात येई. वरच्या मजल्यावरील माणसाने काठीच्या आधारे त्याची जागा सांगावयाची होती. सुमारे ५०० पाणी शोधणाऱ्यांतून ४३ निवडण्यात आले व ८४३ वेळा परीक्षा घेण्यात आली. प्रयोग करणाऱ्या शास्त्रज्ञांना स्वतःस काही थोड्या लोकांत खरी शक्ती दिसली. मात्र अमेरिकेतील एनराइट यांनी तेच आकडे पुन्हा तपासून १९९९ मध्ये दाखविले की, उत्तम ठरलेल्यांची उत्तरेही निव्वळ योगायोगाने जितकी बरोबर यावीत त्याहून निराळी नव्हती. परदेशी शास्त्रज्ञांनाही मोह पडला, हे येथे मुद्दाम नोंदविण्यासारखे आहे.

अपयश सल्लागाराकडे परत येत नाही

पाणी लागले की गावात पेढे वाटतात आणि पाणाड्याचे नाव पंचक्रोशीत होते. पाणी लागले नाही तर काय होते? शेतकरी लाजेने गप्प राहतो. कोणी म्हणतो, गाडीवाल्याने खुणेपासून हातभर बाजूला विंधले. कोणी म्हणतो, आणखी पन्नास फूट जावयास हवे होते. आणि कित्येकदा शेतकरी कर्ज वाढवून ते पन्नास फूटही जातो. फसलेली प्रत्येक जागा अशा रीतीने कोणा दुसऱ्याच्या खात्यावर पडते. पाणाड्याच्या स्मरणात केवळ यशांची यादी उरते, व दहा वर्षांनी तो ‘माझा शब्द आजवर खाली पडला नाही’ असे म्हणतो तेव्हा त्याच्या दृष्टीने तो खरेच बोलत असतो.

दुसरे कारण ज्ञानाच्या स्वरूपातच आहे. अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठातील क्रुगर व डनिंग यांनी १९९९ मध्ये विद्यार्थ्यांना तर्कशास्त्र, व्याकरण इत्यादींच्या परीक्षा देऊन, तुमचा क्रमांक कितवा येईल असे विचारले. अगदी खालच्या चौथ्या भागातील विद्यार्थी, शंभरांत तळापासून सरासरी बाराव्या जागी असूनही, स्वतःस बासष्टाव्या जागी समजत होते. चूक ओळखण्यास जे ज्ञान लागते तेच त्यांच्यापाशी नव्हते. या निष्कर्षाचा काही भाग केवळ आकडेमोडीच्या पद्धतीने उद्भवतो असा आक्षेप पुढे घेण्यात आला, व तो सर्वस्वी फोल नाही. तथापि गावच्या पारावर बसणाऱ्यास मूळ गोष्ट अपरिचित वाटणार नाही. ज्याने मांजऱ्या, पाषाण व भेगा यांचा विचारच केलेला नाही, त्याला शंका तरी कशाची यावी?

आणि तिसरे कारण ऐकणाऱ्याकडे आहे. ज्याने कर्ज काढण्याचे ठरविले आहे त्यास धीर हवा असतो. ‘शक्यता बरी आहे’ या शब्दांवर माणूस सावकाराच्या दारी जाऊ शकत नाही. ‘दोन इंची पाणी’ या शब्दांवर जातो. म्हणून गाव ठाम बोलणाऱ्यास बोलावते, सावध बोलणाऱ्यास ‘याला काही ठाऊक नाही’ असे म्हणते, आणि ठाम बोलणारे त्यामुळेच वाढतात.

कपाशीच्या शेतात

हाच प्रकार नारळाविनाही चालतो. गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर या भागांतील कापूस उत्पादकांनी २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीचे नुकसान सोसले. बीटी कपाशीस भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले, आणि ‘बीटीला अळी लागत नाही’ हे वाक्य इतके रूढ झाले की किडीने त्यावर मात केल्यानंतरही ते काही वर्षे बोलले जात होते. त्याच्या जोडीस दुसरा सल्ला होता: फरदड ठेवा, एखादे पाणी द्या, आणखी दोन वेचण्या निघतील.

फरदडीचा सल्ला देणारा खोटे बोलत नसे. त्याच्या शेतात त्या वेचण्या निघालेल्या असत. परंतु डिसेंबरनंतर उभ्या राहिलेल्या कपाशीवर अळीस अन्न मिळत राहते, ती बोंडात व सरकीत सुप्तावस्थेत तग धरते, आणि पुढच्या हंगामात तिचे पतंग केवळ त्याच शेतावर नव्हे तर सबंध शिवारावर उतरतात. फायदा जानेवारीत एकाच्या पदरी, तोटा पुढच्या ऑक्टोबरात साऱ्या गावाच्या पदरी. एवढ्या अंतराने आलेला तोटा जानेवारीच्या सल्ल्याशी कोण जोडणार? तो जोडला जात नाही तोवर सल्ला देणाऱ्याची खात्रीही तशीच राहते.

येथे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनीही स्वतःकडे पाहावे. शेतात न जाता, बोंड न फोडता, दूरध्वनीवर औषधाचे नाव सांगणारा शासकीय माणूस आणि नारळवाला यांत जातीचा फरक नाही. फरक इतकाच की एकाजवळ ओळखपत्र आहे. शेतकरी प्रश्न विचारतो तेव्हा निरुत्तर राहणे कमीपणाचे वाटते, आणि तेथूनच न पाहिलेल्या गोष्टीविषयी ठाम बोलण्याची सवय लागते. ‘उद्या शेत पाहून सांगतो’ असे म्हणणाऱ्याची एक दिवस प्रतिष्ठा कमी होईल. ती होऊ द्यावी.

सल्ला पारखण्याची एक सोपी रीत आहे. येल विद्यापीठातील रोझेनब्लिट व काइल यांनी २००२ मध्ये दाखविले की, कुलूप किंवा कपड्याची चेन यांसारखी नित्याची वस्तू आपल्याला कळते असे माणसे खात्रीने सांगतात. ती कशी चालते ते पायरीपायरीने सांगा म्हटले की त्यांची खात्री आपोआप उतरते. हाच प्रश्न बांधावर विचारावा, आणि तो भांडणाच्या सुरात विचारू नये. ‘मामा, नारळ उभा राहिला तेव्हा खालच्या खडकात काय आहे म्हणावे?’ ‘दादा, अळी बोंडात शिरून भोक बुजल्यावर फवारलेले औषध तिच्यापर्यंत कसे पोहोचते?’ जाणता मनुष्य या प्रश्नाने आनंदतो व सविस्तर सांगतो. इतर लोक बहुधा दुसऱ्या कोणाच्या यशाची गोष्ट सांगू लागतात.

विंधन विहिरीचा विचार करणाऱ्याने पैसे उचलण्यापूर्वी आपल्या शेताच्या चारी बाजूंच्या विहिरी व बोअर पाहाव्यात: खोली किती, मुरूम कोठपर्यंत, मार्चमध्ये पाणी किती उरते, आणि विशेषतः कोरडी गेलेली भोके कोठे आहेत. ही शेवटची माहिती लोक सहज सांगत नाहीत. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने ती गावाच्या नकाशावर खुणा करून जमवावी. मग भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या बीड येथील कार्यालयाकडे पाहणीसाठी अर्ज करावा. शेतीसाठी ६० मीटर, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा खोल विहीर घेण्यास महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ अन्वये मनाई आहे, हेही ‘आणखी पन्नास फूट’ म्हणणाऱ्यास सांगावे. कपाशीसाठी खामगाव (ता. गेवराई) व अंबाजोगाई येथील कृषी विज्ञान केंद्रांत विचारता येते, हेक्टरी पाच कामगंध सापळे लावून सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ पतंग आले तर फवारणीची वेळ झाली असे समजतात, आणि हे आकडे शेतकऱ्यास स्वतः मोजता येतात.

पाणाड्यास बोलवावयाचेच असेल, आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या आग्रहापुढे ते पुष्कळदा टळत नाही, तर त्याने सांगितलेली जागा, खोली व पाण्याचे माप त्याच्यासमोर एका वहीत लिहून तारीख घालावी. शेजारच्या रकान्यात पुढे जे निघेल ते लिहावे, भुकटी निघाली तर भुकटी. ती वही ग्रामपंचायतीत ठेवावी, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात बोअर घेऊ इच्छिणारा दुसरा शेतकरी ती उघडून पाहू शकेल.