जाडी-रंधा यंत्राच्या पात्यांची निवड : खान्देशातील लाकूडकामाच्या संदर्भात

प्रस्तावना :

जळगाव व धुळे जिल्ह्यांतील सुतारकामात हातरंध्याची जागा आता मोठ्या प्रमाणावर यंत्राने घेतली आहे. फळीची जाडी सर्वत्र एकसारखी करणाऱ्या यंत्रास कारागीर 'थिकनेसर' अथवा 'रंधा मशीन' म्हणतात. हे यंत्र वर्षानुवर्षे टिकते. त्याची पाती मात्र झिजतात आणि वेळोवेळी बदलावी लागतात. पाते चुकीचे निवडल्यास लाकूड उखडते, मोटारीवर ताण येतो आणि प्रसंगी कारागिराच्या जिवावरही बेतू शकते. चार-पाच माणसांच्या लहान कार्यशाळा कामगारसंख्येच्या अटीमुळे बहुधा कारखानेविषयक कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. त्यामुळे सुरक्षिततेचा भार मालक व कारागीर यांच्या जाणकारीवरच येऊन पडतो. प्रस्तुत लेखात पात्यांच्या निवडीमागील तत्त्वांचे विवेचन केले आहे.

खान्देशातील लाकूड :

पात्याची निवड लाकडावरून ठरते. या भागात साग, बाभूळ, कडुनिंब व शिसम ही लाकडे प्रामुख्याने वापरात आहेत. सागाचे लाकूड मध्यम कठीण असले तरी त्यात सिलिकाचे सूक्ष्म कण असतात व ते वाळूप्रमाणे धार झिजवितात. बैलगाडी व शेतीची अवजारे यांसाठी पूर्वापार वापरली जाणारी बाभूळ कठीण व चिवट आहे. कडुनिंबाचे तंतू एकमेकांत गुंतलेले असल्याने बोथट पात्याखाली ते उपटले जातात. सातपुड्याच्या कोरड्या वनांतील अंजन हे तर भारतातील अत्यंत जड लाकडांपैकी एक होय.

याखेरीज एक स्रोत विशेष महत्त्वाचा आहे. धाब्याची जुनी घरे पाडली जातात तेव्हा त्यांतील सागाच्या तुळया व खांब पुन्हा वापरात येतात. हे लाकूड उत्तम मुरलेले असते. परंतु त्यात खिळे, माती व खडे दडलेले असतात.

पात्यांचे प्रकार :

१) उच्च कार्बन पोलादाची पाती : ही स्वस्त असून त्यांना धार सहज लागते. मात्र साधारण २०० ते २५० अंश सेल्सिअसच्या पुढे त्यांचा कठीणपणा कमी होऊ लागतो. कठीण लाकडावर घर्षणाने धार तापते व लवकर बोथट होते.

२) हायस्पीड पोलादाची पाती : यांत टंगस्टन, मॉलिब्डेनम, क्रोमियम व व्हॅनेडियम हे धातू मिसळलेले असतात. सुमारे १८ टक्के टंगस्टन असलेला प्रकार जुना व प्रसिद्ध आहे. सुमारे ६०० अंशांपर्यंत या पोलादाचा कठीणपणा टिकतो. त्यास पुनःपुन्हा धार लावता येते.

३) टंगस्टन कार्बाइडची धार असलेली पाती : ही अतिशय कठीण असल्याने सिलिकायुक्त सागावर दीर्घकाळ टिकतात. परंतु कार्बाइड ठिसूळ असते. खिळ्यावर आदळल्यास त्याचा तुकडा उडतो व धार लावण्यास हिऱ्याचे चाक लागते.

यावरून असे दिसते की, महाग पाते सर्वत्र चांगले, हा समज योग्य नाही. नवीन व स्वच्छ सागाचे काम सातत्याने असेल तर कार्बाइड परवडते. जुन्या घरांच्या लाकडासाठी मात्र हायस्पीड पोलादच श्रेयस्कर ठरते; कारण खिळ्याने पडलेला खाचा पुन्हा धार लावून काढता येतो. तरीही यंत्रात घालण्यापूर्वी लाकडावर चुंबक फिरविणे व निळसर-काळे डाग तपासणे आवश्यक आहे. लोखंड व लाकडातील टॅनिन यांच्या संयोगाने असे डाग पडतात व ते दडलेल्या खिळ्याची खूण ठरतात.

मापे व वजन :

नवे पाते घेताना लांबी, रुंदी, जाडी व छिद्रे असल्यास त्यांची रचना ही चारही मापे जुन्या पात्याशी ताडून पाहावीत. १२ इंच म्हणजे ३०० नव्हे, तर सुमारे ३०५ मिलिमीटर. हा लहानसा फरक अनेकदा दुर्लक्षित राहतो. जाडी कमी असल्यास पाचर पात्यास घट्ट धरीत नाही.

पाती नेहमी पूर्ण संचात बदलावीत. दर मिनिटास ४५०० फेरे घेणाऱ्या शाफ्टवर, केंद्रापासून ४ सेंटिमीटर अंतरावर, एका पात्याचे वजन ५ ग्रॅमने अधिक असेल, तर सुमारे साडेचार किलो वजनाइतके असंतुलित बल सेकंदाला ७५ वेळा फिरत राहते. त्यामुळे बेअरिंग खराब होतात व लाकडावर लाटा उमटतात. त्याच वेगात १८० ग्रॅमच्या पात्यावर बाहेर खेचणारे बल १६० किलो वजनाहून अधिक असते. एखादा बोल्ट ढिला राहिल्यास काय घडू शकेल, याची कल्पना यावरून येते. म्हणून धार लावून अरुंद झालेले, पाचरीत पुरेसे न बसणारे पाते मोह टाळून बाद करावे.

धार व बसवणी :

धारेचा कोन सामान्यतः ३५ ते ४० अंश ठेवतात. कठीण लाकडास ४० अंशांची धार अधिक टिकते. फळी मिनिटाला ६ मीटर सरकत असेल आणि तीन पात्यांचा शाफ्ट ५००० फेरे घेत असेल, तर दर ०.४ मिलिमीटरला एक काप पडतो व पृष्ठभाग गुळगुळीत होतो. परंतु एकच पाते केसाच्या जाडीइतके वर राहिले, तर अखेरचा ठसा त्याचाच उमटतो आणि अंतर १.२ मिलिमीटर होते. म्हणजे तीन पात्यांची किंमत मोजून काम एकाच पात्याचे मिळते. पाती बदलताना वीजपुरवठा मुख्य बटणापासून तोडावा, बोल्ट क्रमाक्रमाने आवळावेत व शाफ्ट प्रथम हाताने फिरवून पाहावा.

निष्कर्ष :

पात्याची योग्यता त्याच्या किमतीवर नव्हे, तर लाकूड, यंत्र व धार लावण्याची स्थानिक सोय यांच्या मेळावर अवलंबून असते. खान्देशातील मिश्र स्वरूपाच्या कामासाठी, समान वजनाच्या हायस्पीड पोलादी पात्यांचे दोन संच, एक यंत्रावर व दुसरा धार लावून तयार, ही व्यवस्था सर्वाधिक उपयुक्त ठरते. धार गेली म्हणून काम थांबत नाही आणि काम थांबू नये म्हणून बोथट पात्यावर फळी रेटण्याची वेळही कारागिरावर येत नाही.