घरच्या संगणकाची ‘इमेज’ कशाने घ्यावी?

लाइट जाऊन आली आणि संगणक सुरूच होईना, असा प्रसंग पुष्कळ घरांत येतो. मुलीचा प्रोजेक्ट, लग्नाचे फोटो, जातवैधता प्रमाणपत्राची स्कॅन प्रत, सारे त्या एका डिस्कमध्ये! दुरुस्तीवाला नवी डिस्क बसवून देईल. आतले कुठून आणणार?

वाचक बंधू-भगिनींनो, फाइली पेनड्राइव्हवर उतरवून घेणे वेगळे आणि डिस्कची ‘इमेज’ घेणे वेगळे. इमेज म्हणजे सबंध डिस्कची हुबेहूब नक्कल. तीत विंडोज, टॅली, मराठी फॉन्ट, प्रिंटरची जुळणी, सगळे आले. नव्या डिस्कवर ती उतरवली की संगणक पूर्वीसारखा चालू लागतो.

एके काळी या कामासाठी ‘नॉर्टन घोस्ट’चे नाव घराघरांत होते. २०१३ मध्ये त्याची विक्री थांबली. पुढे ‘मॅक्रियम रिफ्लेक्ट’ची मोफत आवृत्ती लोकप्रिय झाली, तिचाही आधार १ जानेवारी २०२४ पासून संपला. विंडोजमध्ये इमेज घेण्याची स्वतःची सोय अजून सापडते, परंतु मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच तिचा विकास थांबवल्याचे सांगितले आहे. तिच्यावर विसंबू नये. ज्या सॉफ्टवेअरने इमेज घेतली, बहुधा तेच ती उघडते. म्हणून निवड विचारपूर्वक करावी.

आमच्या मते साध्या घराला ‘क्लोनझिला’ पुरे. ते तैवानच्या राष्ट्रीय महासंगणन केंद्रातून आले, मोफत आहे आणि पेनड्राइव्हवरून सुरू होते, म्हणजे विंडोज मेले तरी चालते. डिस्कचा भरलेला भागच साठवत असल्याने जागाही कमी लागते. मात्र माउसशिवाय, इंग्रजी यादीतून सारे निवडावे लागते, आणि इमेज परत उतरवताना चुकीची डिस्क निवडली तर तिच्यावरचे सगळे पुसले जाते! घाबरणाऱ्यांनी ‘रेस्क्यूझिला’ घ्यावे. ते क्लोनझिलाच्याच पद्धतीची इमेज करते, पण माउसने चालते. नवी डिस्क मात्र जुनीएवढी किंवा मोठीच हवी.

रोज आपोआप नक्कल व्हावी असे वाटत असेल तर ‘वीम एजंट’ची मोफत आवृत्ती पाहावी, तिच्यातून एखादाच फोटोही परत काढता येतो. ‘अ‍ॅक्रोनिस’ चांगले, पण वर्गणी दरवर्षी भरावी लागते. एका संगणकासाठी एवढा खर्च आम्हांला पटत नाही.

इमेज बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि काम होताच ती काढून कपाटात ठेवावी. २०१७ च्या ‘वॉनाक्राय’सारखे खंडणीखोर व्हायरस जोडून ठेवलेल्या डिस्कवरच्या फाइलीही कुलूपबंद करतात. विंडोज ११ मध्ये ‘बिटलॉकर’ अनेकदा आपोआप चालू असते. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून त्याच कपाटात ठेवा. आणि संगणक धडधाकट आहे तोवरच एकदा त्या पेनड्राइव्हवरून तो सुरू करून बाहेरची डिस्क दिसते का ते पाहा.